बापाची शाळा

जोसाया हेन्सनला बापाची पहिली आठवण होती ती रक्ताची. १७८९ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, पोर्ट टोबॅको गावाजवळच्या एका मळ्यावर तो जन्मला. अगदी लहान असताना एक दिवस त्याचा बाप समोर येऊन उभा राहिला. डोक्यातून रक्त वाहत होतं, पाठ सोलून निघाली होती आणि उजवा कान जागेवर नव्हता. मळ्यावरच्या गोऱ्या मुकादमाने जोसायाच्या आईवर हात टाकला होता. तिची किंकाळी ऐकून बाप धावला आणि त्याने मुकादमाला बदडून काढलं. काळ्या गुलामाने गोऱ्यावर हात उचलला तर काय करायचं, हे तिथे आधीच ठरलेलं होतं. शंभर फटके मारायचे, मग कान खांबाला ठोकून कापून टाकायचा.

हा बाप आधी मोठा हौशी गडी होता. रात्री कणसं सोलायला सगळे जमले की त्याचा बँजो निघायचा आणि दिवसभराच्या राबण्याने मोडलेली माणसं हसायची, नाचायची. त्या दिवसानंतर तो कुणाशी धड बोलेना. आतल्या आत धुमसत राहिला. कामाला हात चालेना, धाकदपटशाने वळेना. असला गुलाम ठेवून काय करायचं, म्हणून मालकाने त्याला दूर अलाबामात विकून टाकलं. त्यानंतर बायकोला आणि पोरांना त्याची खबर कधीच मिळाली नाही.

साठीला टेकलेल्या जोसायाने पुस्तकासाठी आपली जीवनकहाणी सांगितली, तेव्हा सुरुवातीलाच ही हकीकत सांगितली. बायकोच्या अब्रूसाठी गोऱ्याला लोळवणारा बाप, एवढीच ती सांगितली असती तरी खोटी ठरली नसती. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण जोसाया पुढचंही सांगतो. शिक्षेनंतर तो माणूस आतून मोडला, त्याचं हसू गेलं. शूर बापाचं मोडणंही मुलाने मांडलं. माझ्या मते या पुस्तकाचा खरेपणा तिथेच सिद्ध होतो.

त्या काळात काळ्या बापाला कायद्यात जागाच नव्हती. आई गुलाम तर पोर गुलाम, असा कायदा व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६२ साली केला आणि पुढे गुलामगिरीच्या सगळ्या मुलखात तोच नेम झाला. पोर कुणाचं हे आईवरून ठरे आणि आई कुणाची हे मालकाच्या वहीवरून. जोसायाचा बाप एका मालकाचा होता, आई दुसऱ्याची. आईचा मालक ओढ्यात बुडून मेला, तेव्हा मालमत्तेच्या वाटण्या झाल्या. त्या मालमत्तेत ही सहा भावंडंही होती. लिलावात एकेक भावंड वेगवेगळ्या हातांत गेलं. आईला आयझॅक रायली नावाच्या माणसाने विकत घेतलं. सगळ्यांत धाकटा जोसाया पुढे उभा केला, तेव्हा आई रायलीच्या पायांना मिठी मारून विनवू लागली, एवढं एक तरी माझ्याजवळ राहू द्या. त्याने तिला लाथ मारली. पुढे पोर आजारी पडलं, मरेलसं वाटलं आणि मातीमोल झालं. तेव्हा रायलीनेच ते स्वस्तात घेतलं आणि मायलेकरांची गाठ पडली.

आता कथेचा तो भाग येतो, जो कुठल्याही बापाने मुलांपासून लपवून ठेवला असता.

जोसाया अंगापिंडाने दणकट होता आणि डोक्याने हुशार. तरुणपणीच तो रायलीच्या मळ्याचा कारभार पाहू लागला. पीक दुप्पट काढायचा, बाजारात माल नेऊन चांगला भाव आणायचा. मालक दारू पिऊन गावात पडला की त्याला उचलून घरी आणायचं कामही त्याचंच. एकदा मालकाच्या भांडणात मध्ये पडला म्हणून दुसऱ्या एका मुकादमाने दबा धरून त्याला इतकं मारलं, की दोन्ही खांद्यांची हाडं मोडली. पुढे जन्मभर त्याला हात डोक्यापर्यंत नेता आले नाहीत. इतकं सोसूनही मालकाचा आपल्यावर विश्वास आहे, या गोष्टीचा त्याला अभिमान वाटायचा. तसं तो स्वतःच सांगतो. विश्वासू म्हणवून घेण्यात सुख होतं, तो माझा मान होता, असा कबुलीजबाब त्याच्या सांगण्यात जागोजागी भेटतो.

१८२५ साली रायली कर्जात बुडाला. सावकार गुलामांवर जप्ती आणणार हे दिसल्यावर तो रात्री जोसायाच्या खोपीत येऊन रडला. माझी माणसं माझ्या भावाकडे केंटकीला पोचव, असं त्याने विनवलं. जोसायाने शब्द दिला. आपली बायको शार्लट, दोन मुलं आणि मळ्यावरची आणखी अठरा माणसं घेऊन तो फेब्रुवारीच्या थंडीत निघाला. ना बेड्या, ना पहारेकरी. पहारेकरी तोच होता. वाटेत व्हीलिंग गावी घोडा आणि गाडी विकून त्याने नाव घेतली आणि ओहायो नदीतून सगळे खाली निघाले.

या नदीच्या एका काठाला गुलामगिरी होती आणि दुसऱ्या काठाला नव्हती. सिनसिनाटीला नाव लागली तेव्हा तिथल्या स्वतंत्र काळ्या लोकांनी गराडा घातला. अरे, तुम्ही मोकळ्या मातीवर उभे आहात, आता पुढे कशाला जाता, इथेच थांबा, असं ते परोपरीने सांगू लागले. नावेतल्या माणसांचे चेहरे उजळले. जोसायाच्याही मनात खळबळ उडाली. एवढी सगळी माणसं एका शब्दात मोकळी होणार होती. त्यात त्याची बायको होती, त्याची स्वतःची मुलंही होती.

त्याने नाव काठापासून दूर लोटायला सांगितलं.

मालकाला शब्द दिला होता. शब्द पाळणारा माणूस म्हणून आपली ओळख होती आणि ती त्याला स्वातंत्र्याहून मोठी वाटली. तीन वर्षांनी, १८२८ साली, रायलीचा माणूस केंटकीला आला. त्याने हेन्सनचं कुटुंब सोडून बाकी सगळ्यांना विकून टाकलं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. तो आकांत जोसायाने उभं राहून पाहिला. या लोकांना मी काठावरून परत फिरवलं, हे ओझं मी मरेपर्यंत वाहीन, असं त्याने पुस्तकात सांगून ठेवलं आहे. आपलं अज्ञान, आपला काळ, आपला धर्म, सगळ्यांची नावं तो घेतो, पण आड कुणाच्या लपत नाही.

ही कबुली त्याला कुणी मागितली नव्हती. मेरीलँडहून केंटकीला नेलेल्या त्या अठरा माणसांतला कुणी, पुस्तक जिथे छापलं गेलं त्या बोस्टनला येऊन साक्ष देणार नव्हता. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या मंडळींना तर निष्कलंक नायक हवे होते. काळा माणूस प्रामाणिक असतो, शूर असतो, कुटुंबवत्सल असतो, हे दाखवायची त्यांना घाई होती आणि ती समजण्यासारखीही होती. अशा वेळी स्वतःच्या हातून बुडालेल्या माणसांची गोष्ट सांगायला मोठी छाती लागते. ती छाती त्याला कुठून आली, याचं उत्तर मला पुस्तकातल्या एका रविवारच्या सकाळी सापडतं. पण तिथवर जायला आधी कॅनडा गाठायला हवा.

त्याने स्वातंत्र्य विकत घ्यायचा प्रयत्न केला. उपदेशक म्हणून गावोगाव बोलून पैसे साठवले, रायलीशी साडेचारशे डॉलरचा सौदा ठरवला, साडेतीनशे रोख मोजले. कागदावर मात्र भलताच आकडा आला. वाचता येत नसलेल्या माणसाला फसवायला फारसं काही करावं लागत नाही. पुढे त्याला विकण्यासाठी न्यू ऑर्लिन्सला नेलं. वाटेत एका रात्री नावेवर सगळे झोपले असताना त्याने कुऱ्हाड उचलली होती आणि झोपलेल्यांना मारायचं मनात आणलं होतं, हेही तो लपवत नाही. हात उगारला आणि थांबला. त्याला घेऊन निघालेला, रायलीच्या केंटकीतल्या भावाचा तरुण मुलगा तापाने फणफणला म्हणून विक्री टळली आणि जोसाया त्याची शुश्रूषा करत परत आला. आल्यावर एकच गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली. आता पळायचं, आणि बायकामुलांना घेऊनच पळायचं.

पळून जाणारे बहुतेक तरुण एकटे असत. जोसायाची चार मुलं होती, धाकटी दोन तर दोन आणि तीन वर्षांची. शार्लट भीतीने रडायची, कुत्रे सोडतील, जंगलात मरू, म्हणायची. तरी तिनेच जाड्याभरड्या कापडाची मोठी पिशवी शिवली, पाठीवर अडकवायला दोन भक्कम पट्टे लावले. आणि हा बाप रोज रात्री दोन्ही पोरांना त्या पिशवीत घालून खोपीत येरझाऱ्या घालू लागला. पोरांना सवय व्हावी म्हणून, आणि मोडून सांधलेल्या त्या खांद्यांनाही. थोरला टॉम मालकाच्या घरी झोपायचा. त्याला काढणं सगळ्यांत अवघड होतं. जोसायाने मालकाला सांगितलं, पोराचे कपडे फाटलेत, आईकडून नीट करून घेतो, एक रात्र पाठवा. मालकाने होकार दिला.

सप्टेंबरात एका अंधाऱ्या रात्री त्यांनी ओहायो नदी ओलांडली. दिवसा झाडीत दडायचं, रात्री चालायचं. पुढे ओहायोच्या रानात अन्न संपलं, मुलं भुकेने कळवळू लागली, शार्लट चालता चालता कोसळली. तिथल्या आदिवासी वस्तीने त्यांना खाऊ घातलं, निजायला जागा दिली. मग सरोवरावर एका स्कॉटिश कप्तानाने आपल्या गलबतात घेतलं आणि बफेलोपर्यंत पोचवलं. २८ ऑक्टोबर १८३० च्या सकाळी ते कॅनडाच्या काठावर उतरले. जोसाया वाळूत लोळला, मूठमूठ वाळू घेऊन तिची चुंबनं घेतली, उड्या मारल्या. काठावरच्या माणसाला वाटलं, याला झटका आला असावा.

पहिलं घर म्हणजे डुकरांनी बळकावलेलं खोपट. डुकरं हाकलून, जमीन खरवडून, उकळत्या पाण्याने धुऊन ते राहण्याजोगं केलं. जोसाया शेतावर कामाला लागला. मालक भला माणूस निघाला, त्याने टॉमला काही महिने शाळेत घातलं. पोर भराभर वाचू लागलं. बापाला आनंद झाला. लवकरच त्या पोराकडून काय ऐकावं लागणार आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

रविवारची सकाळ. जोसाया प्रवचनाला निघायच्या तयारीत. तो बायबल वाचू शकत नव्हता. दुसऱ्यांकडून ऐकून ऐकून त्याने उताऱ्यांवर उतारे पाठ केले होते आणि लोक त्याला ऐकायला दूरवरून येत. घरी टॉम वाचून दाखवी, तो ऐके. त्या दिवशी टॉमने विचारलं, कुठलं वाचू? बाप म्हणाला, कुठलंही. कुठून काय वाच हे सांगता येत नाही, ही गोष्ट त्या एका शब्दात झाकून गेली. टॉमने दावीदाचं एक स्तोत्र काढलं आणि वाचलं. मग मान वर करून विचारलं, बाबा, हा दावीद कोण होता? किती छान लिहितो!

जोसायाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, देवाचा माणूस होता, बाळा. टॉम म्हणाला, ते असेलच, पण तो राहायचा कुठे, करायचा काय? बापाने थोडा वेळ टाळाटाळ केली. शेवटी सांगावं लागलं, मला माहीत नाही. टॉम थक्क झाला. त्याने विचारलं, बाबा, तुम्हाला वाचता येत नाही?

कायद्याने ज्याला बाप मानलं नाही, त्या माणसाने पाठीवर पोरं वाहून स्वतःला बाप सिद्ध केलं होतं. शेकडो माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. आणि घरात, स्वतःच्या पोरासमोर, त्याला खाली बघावं लागलं. माझ्यात काही ताठा उरला असेल तर तो त्या क्षणी गळून पडला, असं जोसायाने सांगितलं आहे. पोराला दरडावून गप्प करता आलं असतं. बापाला असले प्रश्न विचारतात का, असं म्हणून विषय संपवता आला असता. कितीतरी घरांत तो तसाच संपतो. चिडतं कोण, तर ज्याला उत्तर येत नाही तो.

जोसायाने सांगितलं, नाही येत. का, तर शिकायची संधी मिळाली नाही. टॉम म्हणाला, मग आता शिका. बाप म्हणाला, वय झालं, दिवसभर काम, वेळ कुठे, आणि शिकवणार कोण? टॉम म्हणाला, मी शिकवीन. पोराच्या त्या साध्या बोलण्यावर बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्याला प्रवचन करवलं नाही, सारा दिवस त्याने रानात एकट्याने विचार करत काढला. दूरवरून येणाऱ्या लोकांना मी देवाची वाट दाखवतो आणि माझं पोर मला अक्षर दाखवायला निघालंय, हा विचार सुटत नव्हता. संध्याकाळी त्याने ठरवलं, शिकायचं.

मग सगळा हिवाळा ही शाळा चालली. खोपीत दिवा नव्हता. पाइनच्या गाठी आणि हिकरीच्या साली जाळून जो उजेड पडेल त्यात बाप आणि लेक पुस्तकावर वाकायचे. दिवसभर कुऱ्हाड चालवलेल्या बोटांखालून अक्षरं निसटायची. कधी कधी मास्तर चिडायचा, निराश व्हायचा. इतकं सोपं बाबांना कसं जमत नाही, म्हणून उसासे टाकायचा. आणि चाळिशी ओलांडलेला विद्यार्थी मुकाट्याने परत पहिल्या ओळीवर यायचा. वसंतापर्यंत त्याला थोडं थोडं वाचता येऊ लागलं. त्या थोड्याने आनंद झाला आणि त्याहून जास्त कळ आली, कारण आपण केवढ्या अंधारात होतो हे आत्ता दिसू लागलं. सिनसिनाटीच्या काठावरून नाव ज्याने लोटली तो माणूस वाचू शकत असता, तर? हा प्रश्न त्याने विचारला असेलच. पुढे त्याने कॅनडातल्या ड्रेस्डेनजवळ डॉन नावाची वसाहत उभारायला पुढाकार घेतला आणि तिथे पळून आलेल्यांच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही शाळा काढली. ते या प्रश्नाचंच उत्तर होतं, असं मी मानतो.

१८४९ साली बोस्टनमध्ये त्याचं पुस्तक छापलं गेलं. अजूनही सलग लिहिणं त्याला जड होतं, म्हणून त्याने ते तोंडी सांगितलं आणि बोस्टनचे माजी महापौर सॅम्युएल इलियट यांनी उतरवून घेतलं. वाक्यं काही ठिकाणी इलियटची असतील. पण काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात असतं, आणि जोसायाने गाळण्यासारखं काहीच गाळलं नाही. रविवारच्या त्या सकाळी पोरासमोर खरं बोलायला जो शिकला, तोच माणूस पुढे जगासमोर खरं बोलला. आधी घर, मग जग. उलट्या क्रमाने हे घडलं असतं तर मला त्याचं एवढं कौतुक वाटलं नसतं.

तीन वर्षांनी हॅरिएट बीचर स्टोव बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी आली आणि जगभर गेली. तिच्या आधारांमध्ये हेन्सनच्या आयुष्याचाही समावेश असल्याचं बाईंनी पुढच्याच वर्षी छापून सांगितलं. कादंबरीतला टॉम मालकाच्या माराने मरतो. खरा माणूस पळाला, शिकला, शाळा काढून बसला आणि १८८३ साली, ९३ वर्षांचा होऊन, कॅनडात मेला. लोकांच्या लक्षात मात्र दुसऱ्याने लिहिलेला मरणारा टॉम राहिला. स्वतःची गोष्ट स्वतः सांगणं का लागतं, याचा याहून मोठा दाखला नको.

काळ्या बापाबद्दल पुढेही दुसरेच बोलत राहिले. १९६५ साली अमेरिकी सरकारातल्या डॅनियल मॉयनिहन यांनी काळ्या कुटुंबाच्या मोडकळीवर अहवाल लिहिला. घरातून नाहीसा झालेला काळा बाप हे चित्र त्यानंतर इतकं घट्ट बसलं, की खऱ्या बापांकडे बघायची गरजच कुणाला वाटेना. २०१३ साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या काळ्या बापांपैकी दहातले सात रोज मुलांना आंघोळ घालतात, कपडे घालतात, लंगोट बदलतात, आणि हे प्रमाण गोऱ्या बापांपेक्षा जास्त आहे, असं तिच्यात निघालं. आकडे चांगले आहेत, पण आकड्यांनी बाप दिसत नाही. तो दिसतो तो जोसायासारख्यांनी घरातलं दार उघडलं तेव्हा.

आणि ते दार अनेक काळ्या बापांनी उघडलं. फ्रेडरिक डग्लस यांची नऊ वर्षांची मुलगी रोझेटा १८४८ साली रॉचेस्टरच्या एका खासगी शाळेत जाऊ लागली. शाळेत कसं चाललंय, असं बापाने विचारलं तेव्हा ती रडू लागली. ती काळी म्हणून तिला वर्गात न बसवता वेगळ्या खोलीत बसवत होते. जगाला भाषणांनी हलवणाऱ्या डग्लस यांनी पोरीचं ते रडणं आपल्याच ‘नॉर्थ स्टार’ पत्रात छापलं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा दीड वर्षांचा मुलगा १८९९ साली अटलांटात घटसर्पाने गेला. १९०३ च्या पुस्तकात त्यांनी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यात त्यांनी मान्य केलं, की दुःखाच्या तळाशी क्षणभर सुटकेसारखंही काही वाटलं, कारण ज्या अपमानात आपण वाढलो त्यात हे पोर आता वाढणार नाही. असं वाक्य लिहिताना कुठल्या बापाचा हात थरथरला नसेल? आणि २०१५ साली टा-नेहिसी कोट्स यांनी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला पुस्तकभर पत्र लिहिलं. आपल्या बापाच्या पट्ट्यामागे राग कमी आणि भीती जास्त होती आणि तीच भीती आता आपल्यात उतरली आहे, हे त्यांनी मुलाला सांगून टाकलं. ही सगळी माणसं कीर्तीची होती. कीर्तीला धक्का लागेल असं घरातलं खरं त्यांनी स्वतः बाहेर आणलं, म्हणून त्यांच्या मुलांपलीकडच्या मुलांनाही त्यांचा आधार झाला.

या गोष्टीशी आपला संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती काळ्यांची गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. त्या वर्षी जोसाया हेन्सन हयात होता, ड्रेस्डेनला प्रवचनं करत होता. पुण्यात छापलेल्या त्या पुस्तकाची त्याला खबर नसणार, पण अक्षर हिरावून घेतलं की माणसाला काठावरूनही परत फिरवता येतं, हे दोघांनाही सारखंच कळलं होतं. शतकभराहून अधिक काळाने नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ आलं. मुंबईच्या गोदीत राबलेल्या, जेमतेम शिकलेल्या दामोदर जाधवांनी मुलाच्या आग्रहावरून उतारवयात लिहिलेल्या आठवणी त्याच्या मुळाशी आहेत. तिथेही बापाच्या हाती वही दिली ती मुलानेच.

टॉमने प्रश्न विचारला म्हणून बाप शिकला, आणि इलियट यांनी ऐकून घेतलं म्हणून बापाचं सांगणं उरलं. आपल्या घरांतले बाप आपण होऊन बोलत नाहीत. शेतावर, गिरणीत, गोदीत, ट्रकवर, परगावी खोली करून ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारलं तर आधी ते मोठेपणाच्याच चार गोष्टी सांगतील. थोडा धीर धरा, पुन्हा विचारा. कधी कुणापुढे मान खाली घालावी लागली, कुणाचं नुकसान आपल्या हातून झालं, पोरांना मारलं तेव्हा आत काय होत होतं, हेही विचारा. आणि ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत, एक शब्द न बदलता, या आठवड्यातच उतरवून घ्या.